क्वेरी सर्व्हरला इंटिग्रेशन टेस्ट किती हव्यात?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. चार जणांची टीम आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसचा वायर प्रोटोकॉल (नेटवर्कवरून बोलायचे नियम) बोलणारा क्वेरी सर्व्हर, म्हणजे डेटाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देणारा प्रोग्रॅम, बांधताहेत, मागचं स्टोरेज इंजिन स्वतःचंच. क्वेरी वाचणारा पार्सर, ती कशी चालवायची हे ठरवणारा प्लॅनर, टाइप बदलणारा कोड या सगळ्यांच्या मिळून दोन हजारांच्या आसपास युनिट टेस्ट, म्हणजे एकेक तुकडा सुटा तपासणाऱ्या टेस्ट, आहेत. सगळे भाग जोडून तपासणाऱ्या इंटिग्रेशन टेस्ट अकरा, आणि त्यातल्या बहुतेक सर्व्हर उठतो का, साधं सिलेक्ट चालतं का, एवढंच बघतात. मॅनेजरला आकडा हवाय: किती टक्के कव्हरेज झालं, म्हणजे किती कोड टेस्टखाली आला, की पुरे म्हणायचं? टीममधल्या एकाचं म्हणणं, प्रत्येक फीचरमागे एक एंड-टु-एंड (या टोकापासून त्या टोकापर्यंतची) टेस्ट हवीच. दुसऱ्याचं म्हणणं, एवढ्या युनिट टेस्ट आहेत तर अकरा पुष्कळ झाल्या.

अकरा फारच कमी आहेत, हे आधी सांगून टाकतो. पण ‘प्रत्येक फीचरला एक’ हे मापही मला पटत नाही, आणि टक्केवारी तर नाहीच. गेली सतरा वर्षं मी अशाच सर्व्हरांवर काम करतोय आणि माझं माप वेगळं आहे. तुमचा कोड जिथे जिथे दुसऱ्याने लिहिलेल्या गोष्टीला टेकतो ते सांधे मोजायचे: ड्रायव्हर (ॲप्लिकेशनला सर्व्हरशी जोडणारी लायब्ररी), नेटवर्क, फाइल सिस्टिम, घड्याळ, ऑपरेटिंग सिस्टिममधले भाषेचे नियम. मग प्रत्येक सांध्यापाशी थांबून विचारायचं, इथे चूक झाली तर ती ओरडेल की गप्प बसेल? ओरडणाऱ्या चुकीला एखाददुसरी टेस्ट पुरते, कारण ती तशीही पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात येते. गप्प बसणाऱ्या चुकीपाशी मात्र हात आखडता घेऊ नका.

क्वेरी सर्व्हरचं खरं दुखणं हे की त्याचं चुकीचं उत्तर हुबेहूब बरोबर उत्तरासारखं दिसतं. वेबसाइट बिघडली तर पान फुटतं, बटण चालत नाही, लोक फोन करतात. बेरजेत तीन ओळी कमी धरल्या गेल्या तर नीट दोन दशांश स्थळांसकट एक आकडा येतो आणि कोणाच्या तरी अहवालात जाऊन बसतो.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं मत तिथून तयार झालंय. आधीच्या एका कंपनीत आम्ही असाच, पोस्टग्रेससारखा बोलणारा सर्व्हर बनवला होता. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेकडून तक्रार आली. त्यांचं जावा ॲप्लिकेशन सकाळी सुरू केलं की रिपोर्ट बरोबर यायचे, थोड्या वेळाने चुकायला लागायचे, ॲप्लिकेशन बंद करून पुन्हा सुरू केलं की परत बरोबर. पाऱ्याचं प्रमाण लिटरला ०.००००५ मिलिग्रॅम असायचं, ते ०.५ छापून येत होतं. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादाच ०.००१ आहे, म्हणून तिथल्या केमिस्टबाईंच्या डोळ्यांत ते लगेच भरलं. तोच ०.५ फ्लोराइडच्या कॉलममध्ये आला असता तर कोणी मान वर करून पाहिलं नसतं, कारण तिथे तो रोजचा आकडा आहे.

सगळ्यांचं बोट कॅशकडे, म्हणजे आधीची उत्तरं साठवून ठेवणाऱ्या भागाकडे, गेलं. दोन दिवस आम्ही कॅश उलटीपालटी केली. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने छापील रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले आणि नुसते मोजले: पहिले चार-पाच बरोबर, त्यापुढचे सगळे चूक. रोज हेच.

पोस्टग्रेसचा जेडीबीसी, म्हणजे जावाचा, ड्रायव्हर एकच प्रिपेअर्ड स्टेटमेंट (एकदा तयार करून किमती बदलत वापरायची क्वेरी) पुन्हा पुन्हा चालू लागलं की पाचव्या खेपेपासून आपली रीत बदलतो. प्रिपेअर थ्रेशोल्ड नावाची सेटिंग आहे, तिची मूळ किंमत ५. तोवर तो बिननावाचं स्टेटमेंट पाठवतो आणि निकाल मजकुराच्या रूपात घेतो. त्यानंतर स्टेटमेंटला नाव देऊन ते सर्व्हरवर ठेवतो, आणि ज्या टाइपांना जमेल त्यांचे निकाल बायनरी रूपात मागतो. न्यूमेरिक या अचूक दशांश आकड्यांच्या टाइपचा आमचा बायनरी एन्कोडर चुकत होता. पोस्टग्रेस न्यूमेरिक आकडा दहा हजारांच्या पायात पाठवतं, म्हणजे चार-चार दशांश अंकांचे गट, आणि सोबत पहिल्या गटाचं ‘वजन’, म्हणजे तो गट दशांशचिन्हाच्या कुठल्या बाजूला आणि किती दूर. एकापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येला आम्ही उणे १ वजन लावत होतो. ०.७५ ला ते बरोबरच होतं. पण ०.००००५ मध्ये चिन्हानंतरचा पहिला गट चारही शून्यांचा असतो, तो पाठवत नाहीत, आणि पुढच्या ५००० या गटाचं वजन उणे २ लागतं. आमच्याकडून उणे १ गेलं, ड्रायव्हरने ते मुकाट्याने ०.५ वाचलं.

या एन्कोडरला युनिट टेस्ट नव्हत्या असं नाही. चांगल्या पन्नासएक होत्या, लहान संख्यांच्यासुद्धा. आकडा एन्कोड करायचा, आमच्याच डीकोडरने उलट वाचायचा, दोन्ही जुळतात का पाहायचं. जुळायचे, कारण आमचा डीकोडर वजनाकडे बघतच नव्हता. तो दशांश स्थळांच्या संख्येवरून गटांच्या जागा ठरवत होता. दोन्ही बाजू एकाच माणसाने, एकाच समजुतीने लिहिलेल्या. युनिट टेस्ट तुमची समजूत तुमच्याच समजुतीशी ताडून बघते. प्लॅनरच्या आतल्या गणितासाठी तेवढं पुरतं, पण सांध्यावर पलीकडची समजूत परक्याची असते आणि ती तपासायला तो परकाच आणून बसवावा लागतो. तुमच्या दोन हजार टेस्टबद्दल माझी शंका ती हीच. त्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. वायरपलीकडे बसलेल्या ड्रायव्हरबद्दल त्या काहीच सांगू शकत नाहीत, एवढंच.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्रकल्पात एक नियम आहे: ड्रायव्हरमधून जाणारी प्रत्येक टेस्ट एकाच कनेक्शनवर तीच क्वेरी आठ वेळा चालवते आणि आठही निकाल एकमेकांशी ताडते. आठ अशासाठी की ड्रायव्हरची पाचाची पायरी ओलांडून पुढे दोन-तीन खेपा उरायला हव्यात. खुद्द पोस्टग्रेसमध्येही प्रिपेअर्ड स्टेटमेंटच्या पहिल्या पाच खेपांना त्या त्या किमतींसाठी वेगळा प्लॅन बनतो आणि सहाव्या खेपेपासून सगळ्यांना एकच चालेल का याचा विचार सुरू होतो. तुमच्या प्लॅनरमध्ये असं काही असेल तर तेही याच आठांत सापडतं.

आता ओरडणाऱ्या चुकीचं उदाहरण घ्या म्हणजे फरक कळेल. डॉटनेटचा एनपीजीएसक्यूएल ड्रायव्हर पहिल्या कनेक्शनलाच सिस्टिम कॅटलॉगमधून, म्हणजे डेटाबेस स्वतःबद्दलची माहिती ठेवतो त्या टेबलांतून, टाइपांची यादी वाचतो. तुमच्या सर्व्हरने ती टेबलं पुरवली नसतील तर कनेक्शनच होत नाही. चित्र भयंकर दिसतं, पण इथे एक टेस्ट पुरे: त्या ड्रायव्हरने जोडता येतं का? ग्राहक चुकीचा आकडा घेऊन घरी जाण्याची शक्यताच नाही. माझ्या पाहण्यात बऱ्याच टीम उलटं करतात. कनेक्शन, लॉगिन, चुकीचा पासवर्ड यांच्या चाळीस टेस्ट असतात आणि नलच्या (किंमतच नसलेल्या रकान्याच्या) तुलनेची एकही नसते.

प्रोटोकॉलच्या सांध्यावर गप्प बसणाऱ्या दोन जागा आहेत, त्यांच्यावर वेळ घालवा. पहिली, एरर आल्यानंतरची शिस्त. क्वेरी टप्प्याटप्प्याने पाठवणाऱ्या एक्स्टेंडेड प्रोटोकॉलमध्ये ड्रायव्हर पार्स, बाइंड, एक्झिक्यूट आणि शेवटी सिंक असे निरोप एकामागोमाग ढकलतो, उत्तराची वाट न पाहता. पार्सलाच चूक निघाली तर सर्व्हरने एकदाच एरर पाठवायची, सिंक येईपर्यंत मधलं सगळं टाकून द्यायचं, आणि मग ‘तयार आहे’ असं कळवायचं. घरी लिहिलेल्या सर्व्हरांमध्ये इथे हमखास गफलत होते. मधल्या प्रत्येक निरोपाला वेगळी एरर जाते. ड्रायव्हर आणि सर्व्हर यांचं पाऊल चुकतं, आणि त्यानंतर एका क्वेरीचं उत्तर दुसरीच्या पदरात पडू शकतं. कनेक्शन पूलमध्ये तेच कनेक्शन पुढच्या माणसाकडे जातं, हे डोळ्यांसमोर आणा. ही टेस्ट साध्या ड्रायव्हरने लिहिता येईलच असं नाही. मी सॉकेट उघडून कच्चे बाइट पाठवतो आणि परत आलेले निरोप एकेक करून मोजतो. ‘तयार आहे’ या निरोपातला शेवटचा बाइट ट्रान्झॅक्शनची (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या कामांच्या गटाची) अवस्था सांगतो: निवांत, ट्रान्झॅक्शनमध्ये, की फसलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये. तोही दर वेळी तपासा.

दुसरी जागा क्वेरी रद्द करण्याची. पोस्टग्रेसमध्ये रद्द करण्याची विनंती त्याच कनेक्शनवरून येत नाही. ड्रायव्हर नवीन कनेक्शन उघडतो, सुरुवातीला मिळालेला प्रोसेस क्रमांक आणि गुप्त किल्ली त्यावरून पाठवतो आणि निघून जातो. म्हणजे विनंती पोहोचेपर्यंत मूळ क्वेरी संपलेली असू शकते, आणि घाव तिच्यामागून आलेल्या क्वेरीवर पडतो. ही शर्यत शंभर टक्के टाळता येत नाही, पण रद्द झालेल्या क्वेरीने अर्धवट ओळी पाठवून ‘संपलं’ असं कधीही म्हणू नये, हे मात्र टेस्टने बांधून घेता येतं. माझ्या टेस्टमध्ये दोन थ्रेड असतात: एक लाखभर ओळींची क्वेरी चालवत राहतो, दुसरा आडव्यातिडव्या वेळी रद्द करत राहतो. निकाल दोनच चालतात, सगळ्या ओळी किंवा ५७०१४ हा एररकोड. मधलं काही आलं की बिल्ड तांबडा, म्हणजे नापास.

ड्रायव्हर किती घ्यायचे? स्वभाव वेगळे असलेले तीन-चार. पीएसक्यूएल हे पोस्टग्रेसचं कमांड-लाइन साधन, जे साध्या प्रोटोकॉलने बोलतं. जेडीबीसी, जो मध्येच रीत बदलतो. गो भाषेचा पीजीएक्स, जो सुरुवातीपासूनच बायनरीकडे झुकलेला. आणि तुमच्या ग्राहकांकडे खरोखर चालणारा चौथा. एकाच सी लायब्ररीवर उभे असलेले तीन ड्रायव्हर घेतलेत तर प्रोटोकॉलच्या दृष्टीने तो एकच ड्रायव्हर झाला.

आता मुख्य अडचण. हजारो क्वेरी चालवाल, पण बरोबर उत्तर काय हे कोण सांगणार? हाताने लिहिलेली अपेक्षित उत्तरं शंभरेक क्वेरींपर्यंत झेपतात. त्यापुढे शाळेतल्या गणितासारखा ताळा हवा.

तुमच्याकडे आयता ताळा आहे. तुम्ही पोस्टग्रेससारखं वागायचं म्हणताय, तर शेजारी खरं पोस्टग्रेस उभं करा, तोच डेटा दोन्हीकडे भरा, तीच क्वेरी दोन्हीकडे चालवा. एसक्यूलाइट या डेटाबेसचे कर्ते रिचर्ड हिप यांनी त्यासाठी हीच कल्पना एसक्यूएल लॉजिक टेस्ट या नावाने उभी केली. साध्या मजकुराच्या फायली: वर क्वेरी, कॉलमांचे टाइप, खाली अपेक्षित ओळी. एसक्यूलाइटकडच्या संचात ७२ लाख क्वेरी आहेत आणि त्यांच्या उत्तरांचा ताळा पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर यांच्याशी घातलेला आहे. डकडीबी आणि कॉक्रोचडीबी या डेटाबेसांनीही हीच फाइलपद्धत आपापल्या परीने उचलली. तुम्हीही उचला. नवा डेव्हलपर पहिल्याच दिवशी अशी फाइल वाढवू शकतो, त्याला टेस्टचा कोड समजून घ्यावा लागत नाही. आणि एकदा हे बसलं की ‘टेस्ट किती’ या प्रश्नाला तसा अर्थच उरत नाही, कारण एका फाइलमध्ये पाचशे क्वेरी असतात.

ताळा घालताना दोन खड्डे आहेत. क्वेरीत ऑर्डर बाय, म्हणजे क्रम लावायची सूचना, नसेल तर ओळींचा क्रम कोणीच कबूल केलेला नसतो. खुद्द पोस्टग्रेसही मोठ्या टेबलावर एकाच वेळी दोन स्कॅन चालू असतील तर दुसऱ्याला मधूनच सुरू करतं. म्हणून दोन्ही निकाल आधी स्वतः लावून घ्या, मग ताडा. आणि ऑर्डर बाय असेल तर मात्र लावू नका, नाहीतर नेमकी क्रमाची चूक झाकली जाईल. नलचा क्रम हा दुसरा खड्डा: चढत्या क्रमात पोस्टग्रेस नल शेवटी ठेवतं, एसक्यूलाइट आणि मायएसक्यूएल आधी. दुसऱ्या इंजिनाकडून उत्तरं उसनी घेतलीत तर हा फरकही सोबत येतो.

शेजारी कोणी नसतानाही घालता येईल असा एक ताळा झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठात मॅन्युएल रिगर आणि झेंडोंग सू यांनी २०२० मध्ये मांडला. मला तो फार आवडतो, कारण कागदावर दोन ओळींत समजतो. एसक्यूएलमध्ये कुठलीही अट तीनपैकी एका अवस्थेत असते: खरी, खोटी, किंवा नल. म्हणून ‘शिशाचं प्रमाण ०.०१ पेक्षा जास्त’ या अटीच्या ओळी, ‘जास्त नाही’ या अटीच्या ओळी, आणि ज्यांच्यासाठी ही अटच नल येते त्या ओळी, तिन्ही एकत्र केल्या की अटीविनाचं मूळ टेबल जसंच्या तसं मिळालं पाहिजे. एकही ओळ कमी नाही, एकही दुबार नाही. अट कितीही वेडीवाकडी घ्या, बरोबर उत्तर माहीत नसलं तरी ताळा चुकलेला कळतो. एसक्यूएललान्सर हे त्यांचं साधन याच आणि अशाच युक्त्यांवर चालतं आणि त्याने नावाजलेल्या इंजिनांमधले कितीतरी बग बाहेर काढले. तुमच्या टीमला अख्खं साधन जोडायची गरज नाही. अटी यादृच्छिक बनवणारा शे-दोनशे ओळींचा प्रोग्रॅम लिहा आणि रात्रभर सोडून द्या.

युनिट टेस्टचा पाया रुंद आणि वरचं टोक निमुळतं, हे पिरॅमिडचं चित्र तुमच्या मॅनेजरने पाहिलेलं असेल. डेटाबेसच्या जगात ते तसं दिसत नाही. पोस्टग्रेसच्या सोर्समध्ये मेक चेक ही आज्ञा दिलीत तर ती तात्पुरता सर्व्हर उभा करतं, एसक्यूएलच्या फायली त्याच्यावर चालवतं आणि बाहेर आलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ओळीनओळ ताडतं. त्यांच्या टेस्टिंगचा कणा हाच आहे. एसक्यूलाइटच्या लोकांनी स्वतः दिलेला हिशेब असा की टेस्टचा कोड मूळ लायब्ररीच्या सुमारे ५९० पट आहे. तो आकडा गाठायच्या मागे लागू नका. विमानातल्या सॉफ्टवेअरची शिस्त डोळ्यांपुढे ठेवून वर्षानुवर्षं साठवलेली ती पुंजी आहे. पण डेटाबेस करणारी अनुभवी माणसं आपला वेळ कुठे घालतात, हे त्यातून कळतं.

मजकुराच्या सांध्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे आपल्या भाषेइतकी चांगली टेस्ट मला दुसरीकडे सापडलेली नाही. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. यातला ऱ्ह तीन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि दिसत नसलेला झीरो-विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. यूटीएफ-८ मध्ये पहिला शब्द १८ बाइटांचा, उरलेले दोन्ही २१ बाइटांचे, आणि त्या दोघांचे बाइटही एकमेकांपेक्षा वेगळे. पोस्टग्रेस आपणहून यांना एक मानत नाही, म्हणून तुमच्या सर्व्हरनेही मानू नये. तिन्ही टेबलात घाला, इक्वल-टू लावून एकेक शोधा, दर वेळी एकच ओळ आली पाहिजे. दोन आल्या तर मध्ये कोणीतरी मजकूर ‘सुधारतंय’. ग्रुप बायमध्येही तीनच गट दिसले पाहिजेत. मग हाच शब्द असलेला निरोप सॉकेटवर मुद्दाम एकेका बाइटाने पाठवा, म्हणजे तीन बाइटांच्या अक्षराच्या मधोमध वाचन तुटेल. बफर नीट न जोडणारा कोड तिथे उघडा पडतो. इंग्रजी मजकुरावर हा बग कधीच दिसत नाही.

याच सांध्यावर क्रमाचा प्रश्न आहे. बाइटांच्या क्रमाने ळ हे ल च्या पाठोपाठ, व च्या आधी येतं. आपल्या वर्णमालेत ते ह च्या नंतर. तुमच्या टेस्टमधलं शेजारचं पोस्टग्रेस अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या हलक्या इमेजवर उभं केलंत तर तिथली मसल ही सी लायब्ररी भाषेचे नियम न बघता बाइटांप्रमाणेच लावते. ग्राहकाकडे डेबियन लिनक्स असेल तर क्रम वेगळा. तुमचा ताळाच खोटा ठरतो. इमेज दहा सेकंद उशिरा उतरली तरी चालेल, पण ग्राहकाकडे आहे तीच घ्या. २०१८ मध्ये डेबियनसारख्या लिनक्समधल्या जीलिबसी या सी लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत क्रमाचे नियम बदलले, तेव्हा जुन्या नियमांनी बांधलेले मजकुराचे इंडेक्स ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर चुकीचे ठरले. ओळ टेबलात आहे, इंडेक्समधून शोधली तर सापडत नाही. एरर नाही, काही नाही.

वेळेसाठी दोन-तीन टेस्ट पुरतात, पण नेमक्या निवडा. आशिया/कोलकाता या झोनमध्ये १८७० ते १९०६ यांमधली तारीख घेतलीत तर यूटीसीपासूनचं (जागतिक प्रमाणवेळेपासूनचं) अंतर साडेपाच तास नसून ५ तास २१ मिनिटं १० सेकंद असतं. पोस्टग्रेस ते सेकंदांसकट छापतं, आणि अंतरात सेकंद असतील ही अपेक्षाच नसलेले पार्सर तिथे अडखळतात. जुन्या जन्मनोंदी किंवा जमिनीचे दाखले ठेवणारा ग्राहक असेल तर ही तारीख टेस्टमध्ये हवीच.

एकाच वेळी लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनबद्दल: तुमचा सर्व्हर फक्त वाचत असेल तर हा भाग जवळजवळ सोडून द्या. लिहीत असेल तर हाताने लिहिलेल्या टेस्टवर विसंबू नका. पोस्टग्रेसच्या आयसोलेशन टेस्टरसारखं, दोन सेशनच्या पायऱ्या सगळ्या क्रमांनी फिरवून बघणारं काहीतरी लागेल. काइल किंग्जबरी यांच्या जेप्सन या डेटाबेस तपासणाऱ्या प्रकल्पाने २०२० मध्ये पोस्टग्रेस १२.३ च्या सीरियलायझेबल पातळीत (ट्रान्झॅक्शन एकामागोमाग चालल्यासारखीच वागतील, ही हमी) दोष दाखवला, आणि ती सोय तर २०११ च्या ९.१ पासून होती. इतकी वर्षं, इतके डोळे, तरी राहिलं. डिस्क भरणे, प्रोसेस मध्येच मारणे यांच्या चार-पाच टेस्ट रोज रात्री चालवा.

आता ‘प्रत्येक फीचरला एक’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याला उत्तर. मजकूर उलटा करणारं नवं फंक्शन आलं तर त्याला स्वतंत्र एंड-टु-एंड टेस्ट नको. लॉजिक टेस्टच्या फाइलमध्ये दहा ओळी वाढवा, नल आणि रिकामा मजकूर धरून, आणि पुढे चला. नवा टाइप आला तर मात्र तो प्रत्येक ड्रायव्हरमधून, मजकूर आणि बायनरी दोन्ही रूपांत, दोन्ही दिशांनी गेलाच पाहिजे. फंक्शनने सांधा वाढत नाही, टाइपने वाढतो.

स्टोरेजचा बनावट नमुना करून त्याच्यावर इंटिग्रेशन टेस्ट चालवू नका. ते पुन्हा स्वतःच्याच डीकोडरसारखं होतं. तात्पुरत्या डिरेक्टरीवर खरं इंजिन उभं करा. सर्व्हर एकदाच उठवा, प्रत्येक टेस्टला वेगळा स्कीमा (टेबलांचा कप्पा) द्या, समांतर सोडा. प्रत्येक कमिटला दहा मिनिटांत संपेल एवढंच चालवा. त्यापेक्षा जास्त लागलं की लोक चहाला जातात आणि परत आल्यावर तांबडा बिल्ड कोणाचा हे शोधण्यात सकाळ जाते. बाकीचं रात्री. कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्टला आपोआप दुसरी संधी देणारी सेटिंग बंद ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो. वेब ॲपमध्ये अशी टेस्ट बहुधा टेस्टचाच दोष असतो. क्वेरी सर्व्हरमध्ये मला बऱ्याचदा तिच्यामागे खरी शर्यत किंवा कबूल न केलेला क्रम सापडलाय.

मॅनेजरला आकडा द्यायचाच असेल तर कव्हरेजऐवजी हा द्या. महिन्यातून एक दुपार काढा. एकाने कोडमध्ये मुद्दाम दहा चुका पेरायच्या, सगळ्या सांध्यांवरच्या आणि गप्प बसणाऱ्या: न्यूमेरिकचं वजन एकने बदल, सिंकपर्यंत टाकून देणं काढून टाक, नल आधी लाव, शेवटच्या पानातली शेवटची ओळ गाळ. दुसऱ्याने एकेक चूक घेऊन सगळ्या टेस्ट चालवायच्या. दहापैकी किती पकडल्या, हा आकडा. जी निसटली तिच्यासाठी टेस्ट लिहायची. सलग दोन-तीन महिने दहाच्या दहा पकडल्या जाऊ लागल्या की नव्या टेस्ट लिहिण्याचा वेग कमी करा. नवा ड्रायव्हर किंवा नवा टाइप येईपर्यंत पुरे आहेत असं समजा.

तुम्ही सांगितलेल्या सर्व्हरला, माझ्या अंदाजाने, हाताने लिहिलेल्या साठ-सत्तर टेस्ट लागतील: प्रोटोकॉलच्या वीसेक, टाइप आणि ड्रायव्हरांच्या तीसेक, मजकूर, वेळ आणि बंद पडण्याच्या उरलेल्या. शिवाय लॉजिक टेस्टच्या फायलींत पहिल्या तीन महिन्यांत दोन-तीन हजार क्वेरी. चार जणांना हे झेपतं. या आठवड्यात मात्र एवढंच करा: आहेत त्या अकरा टेस्ट जेडीबीसीमधून, एकाच कनेक्शनवर, आठ-आठ वेळा चालवा. त्यांच्या टेबलात एक न्यूमेरिक कॉलम वाढवा आणि त्यात ०, १, १००००, ०.०००१, ०.००००५, त्यांच्या उणे जोड्या, एनएएन (‘ही संख्या नाही’ अशी किंमत), आणि पोस्टग्रेसच्या १४ व्या आवृत्तीपासून न्यूमेरिकमध्ये आलेली अनंत ही किंमत भरा.